डेक्कन रेडिओ ते आकाशवाणी : एका विलीनीकरणाचा पाठ

इतिहासाच्या पुस्तकात संस्थानांच्या विलीनीकरणाचा धडा आपण वाचतो, तेव्हा नकाशावरचे रंग तेवढे बदललेले आपणांस दिसतात. निरनिराळ्या रंगांचे तुकडे जाऊन तेथे एकच रंग येतो आणि धडा संपतो. परंतु संस्थान म्हणजे केवळ भूमी नव्हे. त्याचे टपाल असते, नाणे असते, आगगाडी असते. आणि, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही, कित्येक संस्थानांना स्वतःचा आवाजही होता. आपल्या हैदराबाद संस्थानाचा असा एक आवाज होता. 'डेक्कन रेडिओ' हे त्याचे नाव. १ एप्रिल १९५० या दिवशी हा आवाज अखिल भारतीय नभोवाणीत मिळून गेला.

लहान केंद्र मोठ्या जाळ्यात मिळते, तेव्हा त्याचे काय होते? ते वाढते की विरते? त्याच्या श्रोत्यांस काय लाभते आणि त्यांचे काय हरवते? या प्रश्नांचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत. तो केवळ रेडिओपुरता नाही. आपण मराठी भाषक येथे पिढ्यान् पिढ्या एका मोठ्या समाजात मिळून राहिलो आहोत. म्हणून हा प्रश्न आपणांस परका वाटू नये.

केंद्र आणि जाळे

प्रथम थोडे शास्त्र पाहू. नभोवाणी केंद्रात बोललेला शब्द ध्वनिग्राहकात शिरतो आणि त्याचे विजेच्या सूक्ष्म स्पंदनांत रूपांतर होते. ही स्पंदने प्रक्षेपक यंत्र विद्युत्-चुंबकीय लहरींवर जणू स्वार करते आणि उंच मनोऱ्यावरून त्या लहरी चहूकडे सोडते. त्यांचा वेग प्रकाशाइतकाच, म्हणजे सेकंदास सुमारे तीन लक्ष किलोमीटर असतो. एका सेकंदात दहा लक्ष वेळा स्पंदन पावणारी लहर घेतली, तर तिची लांबी तीनशे मीटर भरते. वेगास स्पंदनसंख्येने भागले की लांबी मिळते. अशा लहरींस मध्यम लहरी म्हणतात आणि आपल्या देशातील बहुतेक जुनी केंद्रे याच लहरींवर बोलत आली.

केंद्राचा आवाज किती दूर जाईल, हे पुष्कळ अंशी प्रक्षेपकाच्या शक्तीवर अवलंबून असते. ही शक्ती वॅटमध्ये मोजतात. दिवसा मध्यम लहरी जमिनीला धरून चालतात आणि थोड्या अंतरावर क्षीण होतात. रात्री मात्र वातावरणाच्या उंच थरांतून त्या परावृत्त होऊन शेकडो मैल पलीकडे उतरतात. दिवसा या लहरी शोषून घेणारा खालचा थर सूर्यास्तानंतर विरून जातो, हे त्याचे कारण. म्हणूनच दिवसा ज्याचा मागमूसही नाही, असे दूरचे केंद्र रात्री लागू शकते. मुंबईचे मराठी गाणे ऐकण्यासाठी रात्री रेडिओची खुंटी हळूहळू फिरवीत बसणारे आजोबा ज्यांच्या घरी असतील, त्यांनी या शास्त्राचा अनुभव पुस्तकावाचूनच घेतला आहे.

एकटे केंद्र हे एखाद्या विहिरीसारखे होय. पाणी तिचे तिलाच पुरवावे लागते. गायक, वक्ता, बातमी, नाटक, जे काही तिच्या परिसरात मिळेल तेवढेच ती देणार. अनेक केंद्रे तारेने किंवा लघुलहरींनी एकमेकांस जोडली, की त्यांचे जाळे होते. मग दिल्लीस चाललेले गायन हैदराबादचे केंद्र त्याच क्षणी पुन्हा सोडू शकते. यास सहक्षेपण म्हणतात. १९८० नंतरच्या दशकात इन्सॅट उपग्रह आल्यावर हे काम अधिक स्वच्छ आणि सुकर झाले. तत्त्व मात्र तेच राहिले.

छंदातून निघालेली केंद्रे

आपल्या देशात नभोवाणीचा जन्म सरकारी कचेरीत झाला नाही. तो हौशी मंडळींच्या छंदातून झाला. १९२३ साली मुंबईच्या आणि कलकत्त्याच्या रेडिओ क्लबांनी व १९२४ साली मद्रासच्या क्लबाने प्रक्षेपणाचे पहिले प्रयत्न केले. पुढे इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी निघाली आणि २३ जुलै १९२७ रोजी तिच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन झाले. कंपनीस उत्पन्न पुरेना. १९३० साली तिचे दिवाळे निघाले आणि तिचा भार सरकारने घेतला. जून १९३६ मध्ये या सरकारी संस्थेस 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळाले.

ब्रिटिश मुलखात हे चालले असता संस्थानांतही हीच हौस जागी झाली होती. म्हैसूर येथे मानसशास्त्राचे प्राध्यापक डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी सप्टेंबर १९३५ मध्ये आपल्या राहत्या घरातून प्रक्षेपण सुरू केले. त्यांच्या यंत्राची शक्ती होती अवघी ३० वॅट; घरातल्या एका मंद दिव्यास लागते तेवढी! या इवल्या केंद्रास नाव मिळाले 'आकाशवाणी'. वाचकांनी हे नाव ध्यानात ठेवावे. पुढे आपणांस त्याकडे परत यावयाचे आहे.

हैदराबादची कथाही अशीच आहे. येथे महबूब अली नावाच्या गृहस्थांनी चिराग अली गल्लीत सुमारे २०० वॅट शक्तीचे लहानसे केंद्र खासगी रीतीने चालविले. ३ फेब्रुवारी १९३५ रोजी ते निजाम सरकारने आपल्याकडे घेतले. १९३९ साली सरूरनगर येथे ५ किलोवॅटचा, म्हणजे पहिल्याच्या पंचवीसपट शक्तीचा प्रक्षेपक बसला. औरंगाबाद येथेही (आजचे छत्रपती संभाजीनगर) संस्थानाचे एक लहान केंद्र होते. गल्लीतला छंद अशा रीतीने राज्याचा आवाज झाला.

आवाज कोणाचा?

येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. डेक्कन रेडिओ हे स्थानिक केंद्र होते. तथापि ते लोकांचे केंद्र होते काय?

त्या काळच्या हैदराबाद राज्यात सोळा जिल्हे होते. त्यांपैकी आठ तेलंगणाचे, पाच मराठवाड्याचे व तीन कानडी मुलखातील होते. प्रजेत सर्वांत मोठी संख्या तेलुगू भाषकांची आणि त्यांच्या खालोखाल मराठी भाषकांची होती. राज्यकारभाराची भाषा मात्र उर्दू. रेडिओवरही उर्दूस अग्रस्थान होते. तेलुगू, मराठी आणि कन्नड यांना आपापला वेळ मिळे. एकाच केंद्रावरून चार भाषा ऐकू येत, ही गोष्ट कौतुकाची खरी. उर्दूतील उत्तमोत्तम मुशायरे व गायन यांची अभिरुची या नगरीतील मराठी घरांतही रुजली. ते ऋण आपण मानलेच पाहिजे.

परंतु १९४८ साल उजाडले आणि केंद्राची दुसरी बाजू दिसली. रझाकारांचा जोर वाढला आणि डेक्कन रेडिओवरून त्यांच्या मताचा प्रचार होऊ लागला. हजारो सत्याग्रही तुरुंगात होते, कित्येक कुटुंबे सीमेपलीकडे आश्रयास गेली होती, आणि राज्याचा रेडिओ भलतेच सांगत होता. ज्यांच्या घरी मराठवाड्यातील वडीलधारी माणसे आहेत, त्यांनी त्या दिवसांच्या आठवणी अवश्य विचाराव्यात. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य राज्यात शिरले. १७ तारखेस शरणागती झाली, आणि ती प्रजेस कळली तीही याच डेक्कन रेडिओवरून, खुद्द निजामांच्या भाषणाने. ज्या यंत्राने प्रचार केला, त्याच यंत्रास सत्य सांगावे लागले.

यावरून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. केंद्र जवळचे असले म्हणजे ते आपले असतेच, असे नाही. कोणत्याही केंद्राविषयी दोन निरनिराळे प्रश्न विचारावे लागतात. पहिला, ते कोणाच्या हाती आहे? दुसरा, त्यावरून कोणाचा आवाज ऐकू येतो?

गोव्यातील उदाहरण याहूनही ठसठशीत आहे. पोर्तुगीज राजवटीत १९४६ साली 'एमिसोरा द गोवा' हे केंद्र निघाले. गोव्याच्या भूमीवरचे केंद्र, तेथेच राहणारे गायक; परंतु स्वातंत्र्याचा शब्द त्यावर उच्चारण्याची सोय नव्हती. तेव्हा वामन सरदेसाई, लिबिया लोबो आदी तरुणांनी २५ नोव्हेंबर १९५५ रोजी सीमेबाहेरच्या अरण्यातून गुप्त नभोवाणी सुरू केली. 'गोंयचे सोडवणेचो आवाज' असे तिचे नाव. जंगलात वस्ती, साधने तुटपुंजी, तरी सहा वर्षे तो आवाज बंद पडला नाही. एक केंद्र राजधानीत होते, दुसरे रानात. पण आपले कोणते, हे गोव्यातील श्रोत्यांस सांगावे लागले नाही. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि १९६२ च्या जानेवारीत पणजीहून आकाशवाणी बोलू लागली.

१ एप्रिल १९५०

स्वातंत्र्य आले त्या वेळी भारताच्या वाट्यास ऑल इंडिया रेडिओची सहा केंद्रे आली : दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, लखनौ आणि तिरुचिरापल्ली. लाहोर, पेशावर आणि ढाका ही तीन पाकिस्तानात गेली. या सहा केंद्रांचा आवाज देशाच्या अवघ्या अडीच टक्के भूमीवर आणि अकरा टक्के लोकांपर्यंत पोहोचत असे. याखेरीज संस्थानांची पाच केंद्रे होती : म्हैसूर, त्रिवेंद्रम, हैदराबाद, औरंगाबाद आणि बडोदे.

बडोद्याचे केंद्र सर्वांआधी, डिसेंबर १९४८ मध्ये जाळ्यात आले. बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले ते १ मे १९४९ रोजी. म्हणजे तेथे राज्याच्या आधी आवाज मिळाला. बाकीची चार केंद्रे १ एप्रिल १९५० रोजी आली. हा दिवस सहज निवडलेला नव्हता. त्याच वर्षी २६ जानेवारीस आपली राज्यघटना अमलात आली होती. तिच्या सातव्या परिशिष्टातील संघसूचीत टपाल, तार, दूरध्वनी आणि नभोवाणी हे विषय केंद्र सरकारकडे दिले आहेत. १ एप्रिलपासून नवे आर्थिक वर्ष सुरू झाले आणि संस्थानी राज्यांच्या जमाखर्चाची केंद्राशी सांगड घालण्यात आली. हैदराबादचे स्वतंत्र टपालही त्याच वेळी संपले. हाली शिक्का तेवढा आणखी काही वर्षे रेंगाळला. सात हाली रुपयांस सहा कलदार हा हिशेब आपल्या पणजोबांस तोंडपाठ असे.

अशा रीतीने त्या दिवशी फलक बदलला, जमाखर्चाच्या वह्या बदलल्या आणि हुकूम दिल्लीहून येऊ लागले.

काय लाभले?

पहिला लाभ साधनांचा. एकट्या संस्थानास जे यंत्र परवडले नसते, जो अभियंता मिळाला नसता, ते सारे देशव्यापी संस्थेमुळे मिळाले. सहा केंद्रांचे जाळे वाढत वाढत आज जवळजवळ साऱ्या लोकसंख्येपर्यंत पोहोचते आणि आकाशवाणी २३ भाषांतून बोलते. मराठी भाषकांच्या वस्तीची गावे पाहा. नागपूर १९४८, पुणे १९५३, इंदूर १९५५, सांगली १९६३, ग्वाल्हेर १९६४, अशी केंद्रे निघत गेली.

दुसरा लाभ उत्तम गुणांच्या प्रसाराचा. जुलै १९५२ मध्ये संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणी खात्याचे मंत्री होते डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, पुण्यात जन्मलेले मराठी गृहस्थ. मोठमोठ्या गवयांच्या मैफली पूर्वी दरबारांत व श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत होत. त्या आता ज्याच्या घरी रेडिओ आहे त्याच्या ओसरीवर आल्या. ज्याच्या घरी नाही, तो शेजाऱ्याच्या ओट्यावर बसून ऐके.

तिसरा लाभ आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. जाळ्यातून वस्तू दोन्ही दिशांनी जाऊ शकते. १९५६ साली पुणे केंद्राने एक प्रयोग केला. त्या वेळच्या मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावे निवडली. प्रत्येक गावी शेतकऱ्यांचे एक मंडळ केले. मंडळाने आठवड्यातून दोन वेळा शेतीवरील कार्यक्रम एकत्र बसून ऐकावा, नंतर त्यावर चर्चा करावी, आणि आपल्या शंका केंद्राकडे लिहून पाठवाव्यात. केंद्राने पुढील कार्यक्रमात त्यांची उत्तरे द्यावीत, अशी योजना होती. यास युनेस्कोचे साहाय्य होते आणि मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याचे मूल्यमापन केले. ज्या गावी मंडळे होती, तेथील शेतकऱ्यांचे ज्ञान स्पष्टपणे वाढलेले आढळले. पुढे १९५९ पासून हीच पद्धत देशातील इतर केंद्रांनी उचलली. मराठी खेड्यांतला प्रयोग भारताचा झाला, तो जाळे होते म्हणून.

काय हरवले?

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे.

जाळ्यात आलेल्या केंद्रास जाळ्याचे नियम पाळावे लागतात. याचे एक उदाहरण प्रत्येक मराठी संगीतप्रेमी घरास भिडणारे आहे. आपल्या नाट्यसंगीतात बाजाच्या पेटीचे स्थान केवढे! गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कलावंतांनी त्या वाद्यास मान मिळवून दिला. परंतु पेटीचे सूर ठरीव असतात. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड किंवा सूक्ष्म श्रुती तिच्यातून निघत नाहीत, असा आक्षेप घेऊन ऑल इंडिया रेडिओने मार्च १९४० पासून पेटी वर्ज्य केली. संस्थानी केंद्रे तोपर्यंत त्या हुकमाच्या कक्षेबाहेर होती. जाळ्यात येताच तीही कक्षेत आली. ही बंदी सैल होण्यास १९७१ साल उजाडावे लागले. आक्षेपात तथ्य होते की नव्हते, हा वाद संगीतज्ञांचा. आम्ही एवढेच दाखवू इच्छितो, की एका ठिकाणी लिहिलेल्या एका हुकमाने साऱ्या देशातील एक वाद्य तीस वर्षांहून अधिक काळ नभोवाणीवर मुके राहू शकते. लहान केंद्राची चूक लहान मुलखापुरती राहते. मोठ्या जाळ्याची चूकही मोठी होते.

दुसरे उदाहरण गावाच्या जिव्हाळ्याचे आहे. औरंगाबादचे केंद्र १९५० साली जाळ्यात आले खरे, परंतु काही वर्षांतच ते बंद झाले. मराठवाड्यास स्वतःच्या केंद्रासाठी पुन्हा बराच काळ वाट पाहावी लागली. म्हैसूरचे केंद्र १९५५ साली बंगळुरास नेण्यात आले आणि ज्या गावाने नभोवाणीचा एवढा लळा लावला, त्या गावास १९७४ पर्यंत स्वतःचे केंद्र राहिले नाही. जाळ्याच्या दृष्टीने ही सोय असेल. एका मोठ्या प्रक्षेपकाने दोन लहानांचे काम भागते. परंतु ज्या गल्लीतील मुलगी केंद्रावर जाऊन गाणे म्हणून येई, तिच्यासाठी ते केंद्र दुसऱ्या शहरी गेले म्हणजे गेलेच.

तिसरे उदाहरण आपल्या घरचे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची भाषावार पुनर्रचना झाली. मराठवाडा मुंबई राज्यास मिळाला आणि १९६० साली महाराष्ट्रात गेला. हैदराबाद आंध्र प्रदेशाची राजधानी झाले; २०१४ पासून ते तेलंगणाचे आहे. केंद्रावर तेलुगू व उर्दू या भाषा प्रमुख झाल्या, हे न्याय्यच झाले. बहुसंख्य प्रजेची भाषा जी पूर्वी मागे होती, ती पुढे आली. परंतु चार भाषांच्या त्या जुन्या केंद्राचा मराठी श्रोता आता नगरीत अल्पसंख्य राहिला. तो रात्री मुंबई-पुण्याची केंद्रे शोधू लागला. यात दोष कोणाचाच नाही. सीमा जेथे आखली जाते, तेथे कोणाचे तरी घर पलीकडे राहतेच.

नाव कोणाचे टिकले?

तर मग विलीन होणे म्हणजे नष्ट होणे, असे म्हणावे काय? म्हैसूरच्या त्या नावाकडे आता परत येऊ.

तीस वॅटच्या त्या केंद्राचे यंत्र गेले, घरातली ती खोली गेली, पुढे केंद्रही दुसऱ्या गावी गेले. परंतु १९५० नंतरच्या दशकात साऱ्या देशाच्या नभोवाणीस भारतीय नाव हवे झाले, तेव्हा म्हैसूरचेच 'आकाशवाणी' हे नाव स्वीकारण्यात आले. इंग्रजी नाव त्याच्या बरोबरीने चालत होते. २०२३ साली तेही बाजूस सारून सर्वत्र 'आकाशवाणी' हेच नाव वापरण्याचे ठरले. सर्वांत लहानाने सर्वांत मोठ्यास आपले नाव दिले. आपल्याकडे मुलगी सासरी गेली की तिचे नाव बदलण्याची चाल आहे. येथे सुनेने साऱ्या घराचेच नाव बदलले!

हे का घडले? म्हैसूरपाशी देण्यासारखे काही होते, म्हणून. जे केंद्र जाळ्यात येताना स्वतःचे काही घेऊन येते, ते विरत नाही. जे केवळ मनोरा आणि यंत्र घेऊन येते, त्याचा मनोरा तेवढा उरतो.

आज काय?

नोव्हेंबर १९९७ पासून आकाशवाणी प्रसार भारती या स्वायत्त मंडळाच्या अधीन आहे. त्याआधी दोन वर्षे, फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नभोलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा महत्त्वाचा निर्णय दिला. पुढे २००२ साली शिक्षणसंस्थांना आणि २००६ साली लोकसेवी संस्थांना लहान सामुदायिक केंद्रे काढण्याची मुभा मिळाली. याचे एक सुंदर फळ आपल्या नगरीपासून फार दूर नाही. जहिराबादजवळच्या माचनूर गावी ऑक्टोबर २००८ मध्ये 'संघम् रेडिओ' सुरू झाला. तो चालवितात शेतात राबणाऱ्या दलित स्त्रिया. बियाणे, पिके, गाणी, सण, सारे त्यांच्या बोलीतील तेलुगूत. अशा केंद्राची मर्यादा काही कोसांची असते. चिराग अली गल्लीतील त्या पहिल्या केंद्राची आठवण व्हावी, असेच हे आहे.

मोठ्या जाळ्यातही श्रोता जागा असला तर त्याचे चालते, हे जून २०२३ मध्ये दिसून आले. आकाशवाणीच्या पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून तेथील बातमीपत्रे छत्रपती संभाजीनगरहून देण्याचा निर्णय झाला होता. श्रोत्यांनी आणि अनेक जाणत्यांनी त्यास विरोध केला आणि निर्णयास स्थगिती मिळाली. ज्या गावाचे केंद्र एकदा बंद झाले होते, त्याच गावी दुसऱ्याचे काम न्यावयाचे होते, हा योगायोग विचार करावयास लावणारा आहे. केंद्र टिकते ते केवळ प्रक्षेपकाच्या शक्तीवर नव्हे. त्याचे नसणे किती जणांस जाणवेल, यावरही टिकते.

उपसंहार

मघाचे दोन प्रश्न पुन्हा आठवू. केंद्र कोणाच्या हाती आहे, या प्रश्नाचे उत्तर हैदराबादसाठी १ एप्रिल १९५० रोजी मिळाले, आणि ते उत्तर योग्यच होते. प्रचाराचे साधन झालेला आवाज लोकशाही राष्ट्राच्या हाती आला. त्यावरून कोणाचा आवाज ऐकू येतो, या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणत्याही एका दिवशी कायमचे मिळत नाही. ते रोज द्यावे लागते, आणि देणारे असतात श्रोते, गायक, लेखक आणि पत्र लिहिणारे आपल्यासारखे सामान्य लोक.

आपणही असेच एक लहान केंद्र आहोत. या मोठ्या नगरीत मिळून गेल्याचा आपणांस अभिमान असावा. शेजाऱ्याची तेलुगू आणि उर्दू आपणांस गोड लागावी. परंतु जाळ्यात देण्यासारखे स्वतःचे काही आपल्यापाशी आहे ना, हे प्रत्येक पिढीने तपासून पाहिले पाहिजे. ते असेल, तर म्हैसूरच्या तीस वॅटांप्रमाणे आपलाही आवाज पुरेसा आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. सेकंदास साडेसात लक्ष स्पंदने पावणाऱ्या लहरीची लांबी किती मीटर होईल?

२. दिवसा न लागणारे दूरचे केंद्र रात्री का लागते, ते आकृती काढून समजावून सांगा.

३. 'स्थानिक केंद्र' आणि 'लोकांचे केंद्र' यांतील भेद डेक्कन रेडिओ व गोव्यातील गुप्त नभोवाणी यांच्या आधारे स्पष्ट करा.

४. पेटीवरील बंदी योग्य होती काय? दोन्ही बाजू मांडून वर्गात वादसभा घ्या.

५. घरातील वडीलधाऱ्या माणसांस विचारा : रेडिओ प्रथम केव्हा आला, कोणते केंद्र लागे, कोणता मराठी कार्यक्रम आवडे? त्यांची उत्तरे त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून ठेवा.